उद्यापन नसलेले व्रत

आजारातून बाहेर पडण्यासाठी मराठीत क्रियापदांची वाण नाही. माणूस बरा होतो, दुखण्यातून उठतो, त्याला उतार पडतो, गुण येतो, हुशारी वाटू लागते. फारच मोठे संकट असेल तर 'जिवावरचं बोटावर निभावलं' असे म्हणून आपण मोकळे होतो. या साऱ्या शब्दप्रयोगांत एक गोष्ट समान आहे. क्रिया एकदा पुरी झाली की ती मागे पडते. तिच्याकडे पुन्हा पाहण्याची गरज उरत नाही. मार्च २०२२ मध्ये माझी सहावी केमो झाली आणि त्यानंतर जो भेटेल तो विचारू लागला, "मग, आता पूर्ण बरी ना?" तेव्हा वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या मला या साध्या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देता येईना. 'हो' म्हणावे तर ते खरे नव्हते आणि 'नाही' म्हणावे तर तेही खोटेच होते.

माझ्या फाईलमध्ये डॉक्टरांनी लिहिलेल्या इंग्रजी वाक्याचा मराठी अर्थ असा होता : 'रोगाचा पुरावा आढळत नाही.' वाक्यविचार शिकवणाऱ्याच्या नजरेतून हे वाक्य सुटणे शक्य नव्हते. यातला नकार रोगाला लागत नाही, पुराव्याच्या आढळण्याला लागतो. रोग आहे की नाही याविषयी वाक्य मौन पाळते. नंतर कळले की ही डॉक्टरांची टाळाटाळ नव्हे. जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगणारे ते अत्यंत प्रामाणिक वाक्य आहे. अंडाशयाच्या कर्करोगात तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावर निदान झालेल्या सुमारे ७० टक्के स्त्रियांमध्ये रोग पुन्हा डोके वर काढतो. माझा टप्पा तिसरा होता. शस्त्रक्रियेत डोळ्यांना दिसणारा सर्व रोग काढता आला, त्यानंतर दर एकवीस दिवसांनी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल अशी दोन औषधे शिरेतून दिली गेली, शेवटचा स्कॅन स्वच्छ आला. यापलीकडे निश्चित असे कोणालाच काही सांगता येत नव्हते.

उपचारांच्या काळाविषयी पुष्कळ बोलले जाते, लिहिले जाते. उपचारांनंतरच्या काळाविषयी मात्र आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. खरे सांगायचे तर उपचार चालू असताना मी इतकी एकटी कधीच नव्हते. दर तीन आठवड्यांनी साताऱ्याहून पुण्याला जायचे, रक्ततपासणी, सलाईन, परिचारिकांची ओळखीची हाक, घरी आल्यावर कोणी ना कोणी आणून दिलेला डबा. नणंदा देव पाण्यात घालून बसल्या होत्या. शरीराचे हाल होत होते, पण काहीतरी केले जात होते. सहावी केमो झाली आणि हे 'करणे' एकाएकी थांबले. डबे थांबले, फोन विरळ झाले, महाविद्यालयात तासांचे वेळापत्रक हातात पडले. पायांच्या बोटांना मुंग्या होत्या, हाताच्या बोटांतून खडू निसटत होता (पॅक्लिटॅक्सेलने मज्जातंतूंना इजा होते, ती भरून यायला महिने लागतात, काहींची कायमची राहते), आणि सर्वांच्या लेखी मी मात्र 'उठले' होते.

शेजारच्या काकूंनी विचारले, "आता सत्यनारायण कधी घालतेस?" त्यांच्या प्रश्नात मायाच होती. आपल्या संस्कृतीत कोणत्याही कठोर आचरणाला शेवट असतो. सोळा सोमवार झाले की उद्यापन करावे, जेवण घालावे, नियमांतून मोकळे व्हावे. डॉक्टरांनी मला जे वेळापत्रक आखून दिले त्याला असा शेवट नव्हता. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पुढे पाच वर्षे पुरी होईपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा. हे उद्यापन नसलेले व्रत होते. सुझन सोंटॅग यांनी 'इलनेस ॲज मेटाफर' या १९७८ च्या पुस्तकात आजाराला रूपकांतून सोडवण्याचा आग्रह धरला, त्यामुळे माझे हे व्रताचे रूपक त्यांना मुळीच रुचले नसते. स्वतः कर्करोगाच्या उपचारांतून गेलेल्या या लेखिकेने त्या पुस्तकात स्वतःच्या आजाराचा उल्लेखही केला नाही. पण त्यांनी ज्या रूपकावर सर्वांत कडक टीका केली त्या युद्धाच्या रूपकाची अडचण मला या काळात नेमकी समजली. युद्धाला जय किंवा पराजय लागतो. दर तीन महिन्यांनी जाऊन पोट दाखवून येणे यात दोन्ही नाही.

या भेटीत होते तरी काय? बहुतेक वेळ बोलण्यात जातो. भूक कशी आहे, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते का, पोट फुगते का, दुखते का, शौचाच्या किंवा लघवीच्या सवयीत बदल झाला का, वजन उतरले का. मग पोटाची तपासणी, आतून तपासणी, मानेत आणि जांघेत गाठी नाहीत ना हे पाहणे. काही संशय आला तरच सीटी स्कॅन. काही त्रास नसताना उगाच वारंवार करायचा नाही. आणि यांच्या जोडीला रक्ताची एक चाचणी, तिचे नाव सीए-१२५.

या एका आकड्याने माझ्या आयुष्यात जी जागा व्यापली ती पाहता त्याचा इतिहास शोधणे मला भागच होते. अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींवरील एक द्रव्य ओळखणारे प्रतिपिंड प्रसिद्ध केले. नावातल्या १२५ ला कोणताही गूढ अर्थ नाही. प्रयोगशाळेत करून पाहिलेल्या नमुन्यांतला तो अनुक्रमांक आहे. १९८३ मध्ये त्यांनी रक्तातील या द्रव्याचे मापन मांडले आणि ३५ युनिट ही सीमा ठरली. निरोगी माणसांपैकी शंभरात एखाद्याचाच आकडा त्यावर जात होता. पण हा आकडा फक्त कर्करोगानेच वाढतो असे नाही. मासिक पाळी, एंडोमेट्रिऑसिस, यकृताचे विकार, आणि आपल्या देशात विशेष लक्षात ठेवावा असा पोटाचा क्षयरोग, यांतही तो चढतो. म्हणजे आकडा साक्षीदार आहे, पण साक्ष कोणाविरुद्ध आहे हे त्याला सांगता येत नाही.

माझे आकडे असे होते : ९, ११, १०, १४. मार्च २०२३ मध्ये आला १९. सीमा ३५ ची, १९ म्हणजे निर्धोक. पण मी सीमा पाहत नव्हते, चढण पाहत होते. हा अहवाल प्रयोगशाळेकडून मोबाईलवर रात्री नऊच्या सुमारास आला आणि डॉक्टरांची भेट तीन दिवसांनंतर होती. ते तीन दिवस मी दहाच्या पुढचे आकडे कागदावर मांडून पुढचा आकडा काढत बसले. मुलीची बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. ती कोणत्या शाखेला जाईल याविषयी घरात बोलणे चाले आणि मी मनात तिच्या पदवीच्या वर्षापर्यंत मोजत राही. डॉक्टरांनी एक महिन्याने पुन्हा रक्त घ्यायला सांगितले. आकडा आला १३. एवढे हेलकावे निरोगी माणसाच्या रक्तातही असतात, असे त्या म्हणाल्या. जीव मात्र महिनाभर टांगणीला लागला होता.

याच काळात मी तो अभ्यास वाचला, ज्याच्याशी माझे अजूनही भांडण मिटलेले नाही. ब्रिटनमधील गॉर्डन रस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१० मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या उपचारानंतर आकडा सामान्य झालेल्या १४४२ स्त्रिया त्यात नोंदल्या गेल्या. दर तीन महिन्यांनी रक्त घेतले जाई, पण निकाल त्या स्त्रीला कळवला जात नसे आणि तिच्या डॉक्टरांनाही नाही. आकडा सीमेच्या दुपटीपलीकडे गेला की चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी होई. एका गटाला लगेच कळवून केमो सुरू करायची. दुसऱ्या गटातील स्त्रियांना काहीच कळवायचे नाही, लक्षणे दिसतील तेव्हाच उपचार करायचे. अशा ५२९ स्त्रियांची तुलना झाली. लवकर कळलेल्यांचे उपचार साधारण पावणेपाच महिने आधी सुरू झाले. आणि आयुष्य? विभागणीपासूनचा मध्यक पहिल्या गटात २५.७ महिने, दुसऱ्यात २७.१. म्हणजे आधी कळल्याने आयुष्य वाढले नाही. उलट, आधी कळलेल्या स्त्रियांच्या जगण्याची प्रत लवकर ढासळली.

वर्गात नाट्यगत उपरोध शिकवताना मी सांगते की पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असते आणि त्या अंतरातून करुण रस गडद होतो. या अभ्यासातही तसेच होते. कोठेतरी कार्यालयात एका नोंदवहीत आकडा चढलेला होता आणि ज्या बाईचे ते रक्त, ती घरी स्वयंपाक करीत होती, नातवंडांना शाळेत सोडत होती, कदाचित सहलीला गेली होती. प्रथम वाचले तेव्हा मला संताप आला. मग लक्षात आले की त्या साऱ्यांनी समजून-उमजून संमती दिली होती, आणि त्यांच्या त्या न कळण्यातूनच माझ्यासारख्या नंतरच्या स्त्रियांना काही कळले होते. तरीही एक गोष्ट पचायला जड गेली. साहित्य शिकवणाऱ्यांचा सारा व्यवसाय एका श्रद्धेवर उभा आहे की जाणणे हे न जाणण्यापेक्षा नेहमीच श्रेयस्कर. विद्यार्थ्यांना आम्ही हेच सांगत आलो. आणि इथे एक काटेकोर प्रयोग शांतपणे सांगत होता की काही जाणणे असे असते ज्याने हाती फक्त चिंतेचे पाच महिने अधिक येतात.

यानंतरच्या भेटीत मी डॉक्टरांना सरळ विचारले, "ही चाचणी थांबवली तर?" त्यांना आश्चर्य वाटले नाही. "थांबवू शकता," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखं ठरवणाऱ्या आहेत. तपासणीला यायचं, लक्षणांकडे लक्ष ठेवायचं, रक्त नाही द्यायचं. पण त्याआधी दुसरी बाजू ऐका."

दुसरी बाजू अशी होती. रस्टिन यांच्या अभ्यासाच्या काळात रोग परतला की हातात मुख्यतः केमोच होती. त्यानंतर काळ बदलला. परतलेला रोग पुन्हा शस्त्रक्रियेने काढावा का, यावर मोठे प्रयोग झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात फायदा दिसला नाही. २०२१ मध्ये जर्मन संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या, ४०७ स्त्रियांचा समावेश असलेल्या 'डेस्कटॉप-३' या प्रयोगात मात्र दिसला : शस्त्रक्रिया आणि केमो मिळालेल्यांचा मध्यक ५३.७ महिने, फक्त केमो मिळालेल्यांचा ४६. त्यासाठी अटी होत्या. पहिल्या वेळी सर्व रोग काढलेला असावा, शेवटच्या केमोला किमान सहा महिने झालेले असावेत, पोटात फार पाणी नसावे, प्रकृती ठणठणीत असावी. "रोग परतलाच," डॉक्टर म्हणाल्या, "तर तुम्ही या अटींत बसण्याची शक्यता आहे. मग थोडं आधी कळण्याला अर्थ येऊ शकतो. येईलच असं मी सांगत नाही. तेवढ्यासाठीच चाचणी करून कोणी तपासलेलं नाही."

हा संवाद मी जसाच्या तसा लिहिते आहे, कारण त्यातून मला एक भेद स्पष्ट झाला. ज्ञानाची किंमत ज्ञानात नसते, त्यानंतर काय करता येईल त्यात असते. याचे दुसरे टोक मी आधीच अनुभवले होते. उपचार चालू असताना माझी बीआरसीए या जनुकांची तपासणी झाली. अंडाशयाच्या कर्करोगाच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत या जनुकांतला दोष जन्मजात असतो. तो माझ्यात निघता तर माझ्या धाकट्या बहिणीत तो असण्याची शक्यता निम्मी, आणि माझ्या मुलीतही तेवढीच. बहिणीने फोनवर विचारले होते, "ताई, कळून काय करायचं ग?" तेव्हा माझ्याकडे उत्तर होते. कळले तर वेळीच अंडाशय आणि नलिका काढून टाकून धोका पुष्कळच कमी करता येतो. मला स्वतःलाही रोग लांबवणाऱ्या गोळ्या मिळू शकतात, ज्यांचा उपयोग २०१८ मध्ये मोठ्या प्रयोगातून सिद्ध झाला. तपासणीत दोष आढळला नाही. पण आढळला असता तरी ते कळणे आम्हा तिघींच्या कामाचे होते. एकच जाणण्याची इच्छा, एकच घर, एकच रोग. तरी एका ठिकाणी जाणणे म्हणजे वाट होती आणि दुसऱ्या ठिकाणी नुसते तिष्ठत राहणे.

शेवटी मी चाचणी थांबवली नाही. पण तिची रीत बदलून घेतली. आता अहवाल माझ्या मोबाईलवर येत नाही, थेट डॉक्टरांकडे जातो. मी त्यांच्या समोर बसलेली असताना त्या तो उघडतात, आधी माझे पोट तपासतात, प्रश्न विचारतात आणि मग आकडा सांगतात. त्यामुळे तो आकडा एकटा येत नाही. तपासणाऱ्या हातासोबत आणि विचारपूस करणाऱ्या वाक्यासोबत येतो. एखादी कडवी कविता घरी एकटीने वाचणे आणि वर्गात दहा जणांबरोबर वाचणे यांत जो फरक, तोच इथे आहे. कविता बदलत नाही, पण ती झेलायला अधिक हात असतात. नवऱ्याला प्रथम हे पटले नव्हते. "तीन दिवस आधी कळतंय तर कळू दे की," हे त्याचे म्हणणे. मी त्याला विचारले की त्या तीन दिवसांत तू माझ्यासाठी काय करणार आहेस. तो गप्प बसला आणि पुढच्या भेटीला रजा काढून सोबत आला.

त्या प्रतीक्षागृहात माण तालुक्यातून येणाऱ्या एका बाईंशी माझी ओळख झाली. त्यांना अक्षरओळख नाही. आकड्याचे काय म्हणून मी विचारले तर त्या म्हणाल्या, "ते पोरगा बघतुया. मी बाई रोज लुगडं नेसताना बघती. निऱ्या कमी पडाय लागल्या की समजायचं." पोट फुगले की लुगडे वेढ्याला अधिक लागते आणि निऱ्या कमी होतात. डॉक्टर जो प्रश्न दर खेपेस विचारतात त्याचे उत्तर या बाई रोज सकाळी मोजून पाहत होत्या. दोन-तीन आठवडे टिकून राहिलेले फुगणे, लवकर भरणारे पोट, नव्याने सुरू झालेले दुखणे यांकडे दुर्लक्ष करू नये आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायला जावे, हा या देखरेखीचा गाभा आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. मी साडी क्वचितच नेसते. पण त्या दिवसापासून सलवारीच्या नाडीची गाठ कुठे येते ते पाहते.

मार्च २०२४ मध्ये दोन वर्षे पुरी झाली आणि भेटी सहा महिन्यांवर गेल्या. सहकाऱ्यांनी अभिनंदन केले. मला स्वतःला मात्र थोडे उघडे पडल्यासारखे वाटले. तीन महिन्यांच्या अंतराची सवय झाली होती; त्या मापाने मी पुस्तके वाचायला घेत होते, पेपर तपासायला होकार देत होते. याच सुमारास आमची एक जुनी विद्यार्थिनी माझ्याकडे पीएच.डी. करायची म्हणून आली. दुष्काळी भागातल्या कादंबऱ्यांवर तिला काम करायचे होते. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे, प्रत्यक्षात चार-पाच. मला सहा महिन्यांपलीकडचे काही कोणी हमीने दिलेले नव्हते. नकार द्यावा असे मी जवळजवळ ठरवले होते, आणि नकाराचे कारण तिला न सांगणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून सगळे सांगितले : टप्पा, टक्केवारी, तपासण्या, सगळे. मार्गदर्शक मध्येच बदलावा लागला तर काय करायचे असते, तेही सांगितले.

तिने वही काढली. "मॅडम, तपासण्या मार्च आणि सप्टेंबरमध्ये असतात ना? मग त्या दोन महिन्यांत मी प्रकरण आणून देणार नाही. बाकीच्या दहा महिन्यांत चालेल?"

मी चालेल म्हटले. तिची नोंदणी झाली आहे. दुसरे प्रकरण माझ्या टेबलावर आहे, त्यात संदर्भ अपुरे आहेत, आणि तसे मी समासात पेन्सिलीने लिहिले आहे.